खासगी गुप्तहेर आणि गोपनीयतेचे बंधन

विवाहापूर्वी स्थळाची चौकशी, उमेदवाराची पडताळणी, कंपनीतील अपहाराचा छडा अशा कामांसाठी खासगी गुप्तहेर संस्थांची मदत घेतली जाते. त्या वेळी ग्राहकाचे आणि ज्याची चौकशी चालते त्याचेही खासगी जीवन संस्थेच्या कर्मचाऱ्यापुढे उघडे होते. ही माहिती फुटल्यास होणारी हानी बहुधा भरून येत नाही.

भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही. २००५ चा खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा सुरक्षारक्षक पुरविणाऱ्या संस्थांपुरता आहे. गुप्तहेर संस्थांविषयीचे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

त्यामुळे कर्मचाऱ्यावरील पहिले बंधन नेमणुकीच्या करारातून येते. ग्राहकाचे नाव, अहवाल वा छायाचित्रे त्रयस्थास न देणे आणि नोकरी सोडताना सर्व प्रती परत करणे, या अटी त्यात असाव्यात. नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करण्यास मनाई करणारी अट करार कायद्याच्या कलम २७ नुसार सामान्यतः निरर्थक ठरते; गोपनीयतेची अट मात्र पुढेही लागू राहू शकते.

करारान्वये सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती संमतीविना, गैरलाभ वा हानीच्या हेतूने उघड केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आहे.

या गोपनीयतेला मर्यादाही आहेत. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला असलेले कायदेशीर संरक्षण गुप्तहेराला नाही. न्यायालयाने साक्षीस बोलावल्यास ‘ग्राहकाला शब्द दिला आहे’ ही सबब चालत नाही. खून, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

माहिती मिळविण्याचा मार्गही वैध हवा. दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

काम सोपविताना अहवाल कोण पाहणार, तो किती काळ ठेवला जाणार आणि केव्हा नष्ट होणार, हे ग्राहकाने लेखी ठरवून घेणे हिताचे ठरते.