गरजेपुरती कात्री

1998 साली माझे पहिले बाळंतपण झाले. टाके पडले. ‘ते घालावेच लागतात,’ एवढेच मला सांगितले गेले. पंधरा दिवस नीट बसता येईना.

पुढे वाचनात जेनिफर स्लीप हे नाव आले. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या या प्रसूतिपरिचारिका. त्या काळी बाळंतपणात योनिमार्गाजवळ सर्रास छेद दिला जाई. आपोआप फाटण्यापेक्षा सरळ कापलेले बरे, अशी समजूत होती. स्लीपबाईंनी ती तपासून पाहायचे ठरवले.

चिठ्ठ्या टाकाव्यात तशी 1000 बाळंतिणींची दोन गटांत वाटणी झाली. एका गटात छेद बाळासाठी गरज पडली तरच. दुसऱ्यात फाटू नये म्हणून सढळ हाताने. पहिल्या गटात शंभरात 10 जणींना छेद बसला, दुसऱ्यात 51 जणींना. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी विचारले, तर दुखणे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. बाळांच्या प्रकृतीतही फरक नाही. मग उरलेल्या बायकांना कापले कशासाठी?

हा अभ्यास 1984 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. सरसकट छेद देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 1996 मध्ये सांगितले. त्यानंतर दोन वर्षांनी मी खाटेवर होते. तो कागद तिथवर पोचला नव्हता.

आता लेकीचे दिवस भरत आलेत. परवा तिला म्हटले, “बेटा, डॉक्टरांना आधीच विचार, कात्री गरजेपुरतीच ना?”