मराठी विवेचनात्मक निबंधाची घडण आणि विद्यार्थ्यांचे निबंधलेखन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

निबंधलेखन हा शालेय व महाविद्यालयीन भाषाशिक्षणाचा एक अनिवार्य भाग मानला जातो. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांतील दीर्घोत्तरी प्रश्न हेही स्वरूपतः विवेचनात्मक निबंधच होत. असे असूनही विद्यार्थ्यांच्या लेखनात माहिती पुष्कळ, परंतु मांडणी विस्कळीत, असा अनुभव बहुतेक प्राध्यापकांस येतो. त्यावर सर्वसाधारणपणे सुचविला जाणारा उपाय म्हणजे प्रस्तावना, मध्य आणि समारोप असा साचा. हा साचा विद्यार्थ्यांस माहीत असतोच, तरीही लेखन सुसंघटित होत नाही. याचा अर्थ दोष साच्याच्या अज्ञानात नसून अन्यत्र आहे.

मराठी निबंधाच्या घडणीचा इतिहास पाहिल्यास या दोषाचे मूळ स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी विवेचनात्मक निबंध नियतकालिकांतून आणि वादांतून घडला. एखादा प्रश्न लेखकाला छळीत होता आणि तो पटवून देण्यासाठी समोर वाचक होता. या दोहोंतून निबंधाची रचना निर्माण झाली. परीक्षेतील निबंधात हे दोन्ही घटक लोपले आणि केवळ रचनेचा सांगाडा उरला.

‘निबंध’ या शब्दाची परंपरा

‘निबंध’ म्हणजे नीट बांधलेले. संस्कृत धर्मशास्त्रात हा शब्द एका विशिष्ट ग्रंथप्रकारासाठी रूढ होता. देवगिरीच्या यादवांच्या काळातील हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’, मूळच्या पैठणच्या घराण्यातील कमलाकरभट्टांनी काशीत १६१२ साली पूर्ण केलेला ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा १७९० चा ‘धर्मसिंधु’ हे या परंपरेतील ग्रंथ होत. एका विषयावरील विखुरलेली वचने एकत्र करणे, त्यांतील विरोध दाखविणे आणि निर्णय देणे हे अशा ग्रंथांचे कार्य होते.

या पद्धतीमागे मीमांसाशास्त्रातील ‘अधिकरणा’ची शिस्त होती. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशी तिची पाच अंगे सांगितली जातात. यातील दुसरे अंग विशेष लक्षणीय आहे. विषय सांगितल्यानंतर लगेच माहिती येत नाही, संशय येतो. ज्याविषयी संशयच नाही त्याचे विवेचन करण्याचे प्रयोजन उरत नाही, ही यामागील भूमिका होय. तिसरे अंगही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण आपले मत सिद्ध करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे येथे आवश्यक ठरते.

अर्थात ही शिस्त ज्या ज्ञानव्यवहारात वाढली त्याची दारे समाजातील फार मोठ्या वर्गास बंद होती. म्हणूनच पुढील उदाहरणाचे मोल अधिक आहे.

एका विद्यार्थिनीचा निबंध : १८५५

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून केला जातो. परंतु ‘निबंधमाले’च्या एकोणीस वर्षे आधी, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या ‘ज्ञानोदय’च्या अंकांत, पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. सामाजिक आशयासाठी तो आज सर्वत्र उल्लेखिला जातो. त्याच्या रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

या निबंधाचा आरंभ ईश्वराच्या आवाहनाने होतो आणि लगोलग एक प्रश्न उभा राहतो. वेद ही आपलीच मत्ता आहे असे ब्राह्मण म्हणत असतील, तर आम्हांस धर्मपुस्तक कोणते? प्रतिपक्षाचे विधान जसेच्या तसे स्वीकारून त्यातून निघणारा अटळ निष्कर्ष त्याच्याच समोर ठेवण्याची ही रीत तर्कशास्त्रातील जाणत्यास शोभावी अशी आहे. त्यानंतर पुरावा येतो : पेशवाईतील अत्याचार, इमारतींच्या पायात माणसे गाडण्याचा प्रकार, डोक्यावर छप्पर नसताना होणारी बाळंतपणे. पुढे इंग्रजी अंमलात झालेल्या बदलाची तुलना येते आणि शेवटी आपल्याच बांधवांना विद्येचा आग्रहपूर्वक उपदेश येतो. प्रश्न, प्रतिपक्षाची परीक्षा, पुरावा, तुलना आणि कृतीचे आवाहन हा क्रम कोठेही मोडत नाही.

या मुलीस वक्तृत्वशास्त्राचे धडे मिळाले म्हणून ही रचना साधली असे म्हणता येणार नाही. तिला काय विचारावयाचे आहे आणि कोणाला सांगावयाचे आहे हे निश्चित होते, म्हणून काय आधी आणि काय नंतर हेही निश्चित झाले. विद्यार्थ्यास विवेचनात्मक लेखन झेपत नाही, विशेषतः ज्याच्या घरी शिक्षणाची परंपरा नाही त्यास ते झेपत नाही, या समजुतीस १८५५ सालीच मिळालेले हे उत्तर आहे.

नियतकालिके आणि निबंधाची शिस्त

निबंधास वाचक मिळवून दिला तो नियतकालिकांनी. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधून गोपाळ हरी देशमुख यांची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली. संख्येने १०८ असलेल्या या पत्रांनी मराठी गद्यास एक महत्त्वाची सवय लावली : मर्यादित जागेत एका वेळी एकच विषय. स्तंभाच्या लांबीने घातलेले हे बंधन विचाराच्या शिस्तीस उपकारक ठरले. याच काळात दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण (१८३६) प्रसिद्ध झाले आणि मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे रुळू लागली. दीर्घ वाक्यातील मुख्य व गौण विधाने वाचकास वेगळी दिसू लागली, हा बदल केवळ छपाईचा नव्हता.

जानेवारी १८७४ मध्ये चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. पहिल्याच अंकात त्यांनी मराठी भाषेच्या सद्यःस्थितीचा विषय घेतला. मराठी मूलतःच दरिद्री आहे, की तिच्या शिकलेल्या पुत्रांनी तिची उपेक्षा केली आहे, हा त्यामागील संशय होता. ‘इतिहास’, ‘लोकभ्रम’, ‘वाचन’, ‘वक्तृत्व’ अशा विषयांवर त्यांनी विस्ताराने लिहिले आणि मराठीतून गंभीर विवेचन होऊ शकते हे प्रत्यक्ष लिहूनच सिद्ध केले.

तथापि ‘निबंधमाले’तील एक उणीवही शिक्षकाने ध्यानी घ्यावी अशी आहे. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावरील टीकेत चिपळूणकरांचा उपहास अनेकदा युक्तिवादावर मात करतो. फुले यांच्या प्रतिपादनापेक्षा त्यांच्या भाषेच्या व व्याकरणाच्या दोषांवर तेथे भर पडतो. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला नाही की समर्थ शैलीकाराचा निबंधही दुबळा होतो. विद्यार्थ्याच्या वहीत केवळ ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा करून त्याच्या मुद्द्याविषयी मौन पाळणारा शिक्षक नकळत हीच चूक करीत असतो.

गोपाळ गणेश आगरकरांनी ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून काढली. १८८८ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच वर्षी त्यांचा वाक्यमीमांसेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘सुधारक’ पत्रही निघाले. वाक्याचे पृथक्करण करणारी बुद्धी आणि रूढीचे पृथक्करण करणारी बुद्धी एकच होती. त्यांच्या निबंधांची शीर्षकेही अभ्यसनीय आहेत. ‘आमचे काय होणार?’ हे शीर्षक म्हणजे प्रश्न आहे. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ हे शीर्षक म्हणजे सिद्धांत आहे. दोन्हींत विवेचनाची दिशा पहिल्याच ओळीत ठरते. याउलट ‘स्त्रीशिक्षणाचे महत्त्व’ यासारख्या परीक्षेतील शीर्षकात ना प्रश्न असतो ना प्रतिपक्ष. महत्त्व कोणी नाकारलेले नसते, त्यामुळे सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी विद्यार्थी सुभाषिते आणि पाठ केलेली वाक्ये यांनी पाने भरतो, यात नवल नाही. पूर्वी ही वाक्ये मार्गदर्शक पुस्तकांतून येत. आता ती संगणकही क्षणात पुरवितो. म्हणून प्रश्नाचा विचार अधिकच निकडीचा झाला आहे.

वर्गातील उपयोजन

वरील विवेचनाचा उपयोग कसा करता येईल हे एका उदाहरणाने पाहू. ‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ हा विषय दिल्यास विद्यार्थी कारणे, परिणाम, उपाय अशी यादी करील. त्याऐवजी प्रथम त्याच्याकडून विषयाचे प्रश्नात रूपांतर करून घ्यावे : दुष्काळात सरकार देत असलेले काम ही मदत न राहता हक्क कशी झाली?

या प्रश्नाने सामग्रीची निवड आपोआप होते. ब्रिटिश काळात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळसंहिता, १९७२-७३ च्या दुष्काळातील कामे, १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आलेला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा, आणि २००५ साली केंद्राने केलेला कायदा, एवढे टप्पे पुरेसे होतात. पर्जन्यमानाची तपशीलवार माहिती खरी असली तरी या प्रश्नाच्या उत्तरास ती आवश्यक नाही, म्हणून ती गाळावी लागते. काय गाळावे हे कळणे हीच सुसंघटित लेखनाची पहिली खूण होय.

त्यानंतर प्रत्येक परिच्छेदाचे सार एकेका वाक्यात लिहावयास सांगावे. ही वाक्ये ओळीने वाचली असता मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. मिळत नसेल तर मसुदा लिहिण्यापूर्वीच क्रम बदलावा. एक परिच्छेद पूर्वपक्षास द्यावा : खडी फोडण्यासारख्या कामांतून टिकाऊ मत्ता निर्माण होत नाही, हा या योजनेवरील आक्षेप विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे मांडून त्याचे उत्तर द्यावे. समारोपात प्रस्तावनेची पुनरुक्ती न करता, विवेचनानंतर प्रश्न कोठवर सुटला हे सांगावे. शेवटी निबंध वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचावा आणि त्यास न पटलेले एक विधान नोंदवावे. यामुळे हरवलेला वाचक काही अंशी परत मिळतो.

मोठ्या वर्गात हे सर्व दर आठवड्यास शक्य नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु वर्षात दहा निबंध लिहून घेण्यापेक्षा दोनच निबंध या पद्धतीने, दोन मसुद्यांत लिहून घेणे अधिक फलदायी ठरेल. प्रश्नपत्रिका काढतानाही ‘महत्त्व सांगा’ ऐवजी संशयास जागा देणारा प्रश्न विचारणे सर्वस्वी प्राध्यापकांच्या हाती आहे.

निष्कर्ष

मराठी विवेचनात्मक निबंधाची रचना खऱ्या प्रश्नातून आणि खऱ्या वाचकातून घडली. मुक्ता साळवे यांच्या निबंधात ती गरजेतून आली, ‘शतपत्रां’त स्तंभाच्या मर्यादेतून आणि आगरकरांत बुद्धीच्या शिस्तीतून. प्रस्तावना, मध्य व समारोप हे त्या घडणीचे दृश्य फळ आहे, तिचे मूळ नव्हे. विद्यार्थ्यास केवळ फळाचा आकार दाखवून मूळ न दिल्यास त्याचे लेखन निर्जीव राहणार. ज्यांच्या घराण्यात लेखनाची पहिलीच पिढी आहे असे विद्यार्थी आज मोठ्या संख्येने आपल्या वर्गांत बसतात. त्यांच्यापाशी विचारण्यासारखे प्रश्न आहेत. ते प्रश्न निबंधात येऊ देणे आणि त्यांची बांधणी कशी करावी हे दाखविणे, ही अध्यापकाची जबाबदारी होय.