जुन्या सांगाड्यात नवे इंजिन

एखाद्या गाडीचे इंजिन बदलले, मग गिअरबॉक्स बदलला, मग ब्रेक बदलले, तर ती गाडी तीच राहते का? हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात टाकून पाहा. वर्गाचे दोन तट पडतात आणि तास कसा संपला ते कळत नाही. आम्हीही हा वाद अनेकदा ऐकला आहे. पण त्यात एक प्रश्न सहसा राहून जातो : इंजिन बदलल्यावर गाडीतील बाकीच्या भागांचे काय होते?

काही महिन्यांपूर्वी आम्ही चार-पाच शिक्षक एका गॅरेजमध्ये गेलो होतो. साखळीच्या कप्पीला एका जुन्या अँबॅसॅडरचे इंजिन टांगलेले होते आणि खाली त्याच्या जागी बसवायचे नवे इंजिन ठेवले होते. हे काम किती अवघड, असे आम्ही विचारले. मिस्त्री म्हणाले, "बसवायचं काय सर, दोन दिवसांत बसतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं." त्यांच्या या उत्तराचा अर्थ समजून घ्यायला अँबॅसॅडरचाच इतिहास उपयोगी पडतो. कारण हा प्रयोग गॅरेजमध्ये होण्याच्या कितीतरी आधी खुद्द कारखान्याने केला होता, आणि तोही एकदा नव्हे, अनेकदा.

ऑक्सफर्डहून उत्तरपाड्याला

हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला तिचे काम गुजरातमधील ओखा बंदरात चाले. १९४८ मध्ये ते पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे गेले. इंग्लंडच्या मॉरिस कंपनीच्या गाड्या येथे तयार होत. मॉरिसची 'ऑक्सफर्ड सीरिज थ्री' ही गाडी इंग्लंडमध्ये १९५६ मध्ये आली. तिचेच भारतीय रूप १९५७-५८ च्या सुमारास अँबॅसॅडर या नावाने बाजारात आले. इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये ऑक्सफर्डचा आकार पूर्ण बदलला. आपल्याकडे मात्र तोच गोलसर सांगाडा, थोडेफार फेरफार होत, मे २०१४ पर्यंत तयार होत राहिला.

याचे कारण केवळ आळस असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटारीचा पत्रा दाबून आकार देण्याचे साचे फार महाग असतात. ते परवडायचे तर लाखांच्या संख्येने गाड्या खपल्या पाहिजेत. परवाना पद्धतीत किती गाड्या काढायच्या हेही सरकार ठरवी आणि परकीय चलन तर दुर्मिळच होते. स्पर्धा नसल्याने नवा आकार आणण्याची घाईही नव्हती. म्हणून सांगाडा तोच ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा आतले इंजिन बदलायचे, हा मार्ग निघाला.

तेरा घन सेंटिमीटरचा फरक

पहिली अँबॅसॅडर १४७६ घन सेंटिमीटरच्या 'साइड व्हॉल्व्ह' इंजिनावर धावे. या रचनेत झडपा सिलिंडरच्या शेजारी असतात. त्यामुळे ज्वलनाची पोकळी एका बाजूला पसरट होते, मिश्रण फारसे दाबता येत नाही आणि वायूंना वळसा घालून आत-बाहेर जावे लागते. १९५९ मध्ये तिच्या जागी बी-सीरिजचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. त्यात झडपा सिलिंडरच्या डोक्यावर होत्या. आकारमान वाढले अवघे १३ घन सेंटिमीटर, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. पण शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीवरून सुमारे ५५ पर्यंत गेली. 'मोठे इंजिन म्हणजे जास्त शक्ती' हा विद्यार्थ्यांचा समज दुरुस्त करायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. इंजिनाला श्वास कसा घेता येतो, हे त्याच्या आकाराइतकेच महत्त्वाचे असते. एमजीए या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीतही सुरुवातीला याच जातीचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते.

१९८० च्या सुमारास याच आकारमानाचे डिझेल इंजिन आले. त्याची शक्ती ४० अश्वशक्तीच्याही आत होती. म्हणजे या बदलात शक्ती घटली, आवाज आणि थरथर वाढली. तरीही टॅक्सीवाल्यांनी ते उचलून धरले. डिझेल स्वस्त होते आणि तेवढ्याच इंधनात गाडी जास्त अंतर जाई. 'सुधारणा' म्हणजे काय, हे ठरवताना कोणासाठी असा प्रश्न विचारावाच लागतो.

तिसरा मोठा बदल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. जपानच्या इसुझु कंपनीच्या आराखड्याचे १८१७ घन सेंटिमीटरचे, ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि त्याच्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स अँबॅसॅडरमध्ये बसला. जुन्या इंजिनाचा बोअर ७३.०२५ आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, नव्याचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२. चार सिलिंडरांचे घनफळ विद्यार्थ्यांकडून काढून घ्या, दोन्ही आकडे बरोबर जुळतात. जुने इंजिन उंच आणि अरुंद, नवे बुटके आणि रुंद. स्ट्रोक लहान असला की एका फेरीत दट्ट्याला कमी अंतर जावे लागते. दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला १३ मीटर धरला, तर जुने इंजिन मिनिटाला सुमारे ४३९० फेरे घेईल आणि नवे सुमारे ४७६०. शिवाय रुंद बोअरमुळे मोठ्या झडपांना जागा मिळते.

शक्ती वाढली, पुढे काय?

आता मिस्त्रींच्या वाक्याकडे वळू. ५५ ऐवजी ७५ अश्वशक्ती म्हणजे ३६ टक्के वाढ. गाडीचा कमाल वेगही ३६ टक्के वाढेल का? नाही. वेग जास्त असताना बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.३६ चे घनमूळ सुमारे १.११ येते. म्हणजे त्याच गोलसर, उंच सांगाड्यात कमाल वेग जेमतेम ११ टक्क्यांनी वाढणार. फरक जाणवतो तो वेग घेण्यात आणि घाट चढण्यात. पूर्वी ८० च्या वेगाने जाणारा चालक सहजच ११० वर जाऊ लागतो.

आणि येथेच धोका सुरू होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून ११० वर गेल्यास ती १.८९ पट होते. ब्रेकमुळे सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी होतो असे धरले, तर ८० वरून थांबायला सुमारे ४१ मीटर लागतात आणि ११० वरून सुमारे ७८. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गेलेले अंतर यात धरलेलेच नाही. सुमारे ११०० किलोच्या गाडीची ११० च्या वेगाची ऊर्जा ५.१ लाख जूल भरते. दीड लिटर साधे पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी ही उष्णता काही सेकंदांत ब्रेकमध्ये उतरते. जुने ड्रम ब्रेक बंद डब्यासारखे असतात. तापल्यावर ड्रम प्रसरण पावतो, आतल्या शूपासून दूर सरकतो आणि अस्तराचे घर्षणही कमी होते. घाट उतरताना 'ब्रेक लागेनासा झाला' असे म्हणतात ते हेच. पुढे अँबॅसॅडरच्या काही मॉडेलांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, त्यामागे हेच साधे गणित आहे.

पाटे आणि पिळाचे गज

ब्रेकनंतर पाळी सस्पेन्शनची. अँबॅसॅडरच्या पुढच्या चाकांना 'टॉर्शन बार' म्हणजे पिळाचे पोलादी गज असत. चाक वर उचलले की गजाला पीळ बसतो आणि तो उलगडताना चाक खाली येते. मॉरिस मायनर गाडीत ॲलेक इसिगोनिस यांनी १९४८ मध्ये हीच योजना वापरली होती. अशा गजाची ताठरता त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास फक्त १० टक्के वाढवला तर ताठरता १.४६ पट होते. मागे मात्र बैलगाडीच्या काळापासून ओळखीचे पाटे आणि त्यांवर बसवलेला अखंड आस.

पाट्यांना तीन कामे करावी लागतात : वजन पेलणे, आसाला जागेवर धरून ठेवणे आणि इंजिनाचा पीळ सोसणे. चाक पुढे फिरवताना आसाचे घर उलट दिशेला फिरू पाहते आणि पाट्याला नागमोडी वाक येतो. इंजिनाचा जोर वाढला की हा वाकही वाढतो. एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर मागची चाके जमिनीवर थडथडतात. म्हणजे इंजिन पुढे बसवले, तरी त्याचे परिणाम मागच्या पाट्यांपर्यंत जातात.

मग पाटे ताठ करावेत का? स्प्रिंग उभ्या गाडीच्या वजनाने जेवढी दबते, त्यावरून तिच्या आंदोलनाची वारंवारता काढता येते. १५ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला सुमारे १.३ आंदोलने, १० सेंटिमीटर दबत असेल तर सुमारे १.६. ताठ स्प्रिंगमुळे वळणावर गाडी कमी कलते, पण खड्ड्यांचा धक्का थेट कण्याला बसतो. एका स्प्रिंगला किंवा रबराला वेगवेगळी वजने टांगून विद्यार्थी हे स्वतः मोजू शकतात.

उलटा प्रयोग आणि मुंबईची टॅक्सी

नव्या गाडीत जुने इंजिन हा उलटा प्रयोगही झाला. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या १९७० च्या दशकातील गाडीवरून १९८४ मध्ये काँटेसा आली. मूळ गाडीची इंजिने १७५९ आणि २२७९ घन सेंटिमीटरची होती. काँटेसाला मिळाले ते अँबॅसॅडरचे १४८९ चे. सांगाडा मोठा आणि जड, इंजिन लहान. गाडी दिसायला ऐटदार पण चालायला सुस्त. पुढे इसुझुचे इंजिन मिळाल्यावर तिची ही उणीव भरून निघाली. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये आणलेल्या ११८ एनई या गाडीतही फियाटच्या घराण्यातील सांगाडा आणि निस्सानच्या आराखड्याचे ११७१ घन सेंटिमीटरचे इंजिन अशी जोडी जमवली होती.

याच कंपनीची पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी परिचित झाली. या शतकाच्या पहिल्या दशकात या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. तेथे इंजिन तेच राहिले, इंधन बदलले. पण वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवते. मिथेन आणि हवेच्या योग्य मिश्रणात सुमारे साडेनऊ टक्के जागा मिथेनची असते, म्हणून शक्ती साधारण तेवढीच घटते. वायूची जड टाकी डिकीत गेली, सामान टपावर गेले आणि मागचे पाटे दबले. हवा मात्र स्वच्छ व्हायला मदत झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

कायदा काय म्हणतो?

आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना गाड्यांत फेरफार करण्याचा नाद असतो. त्यांना हे सांगायला हवे की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांवर बंधन घालते. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. सीएनजी किंवा विजेवर गाडी नेण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, पण ती मान्यताप्राप्त साधनांनीच. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदायचे असेल, तर तिचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आरंभीच्या वादाचे उत्तर कायद्याने आपल्या परीने दिले आहे ते असे!

आमचे उत्तर थोडे वेगळे आहे. गाडी म्हणजे भागांची बेरीज नाही, ती भागांची साखळी आहे. एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या कडीवर जातो. उत्तरपाड्याच्या कारखान्याने इंजिने बदलून एका आराखड्याला अर्धशतकाहून जास्त आयुष्य दिले, यात कौशल्य निश्चित होते. पण दरम्यान १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मुळापासून एकत्र विचार करून आखलेली गाडी, अवघ्या ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनावरही, काय करू शकते ते लोकांनी पाहिले. इंजिन बाहेरून आणता येते. ब्रेक, सस्पेन्शन, सांगाडा आणि इंजिन यांचा मेळ घालण्याची विद्या मात्र स्वतःच शिकावी लागते.

आज जुन्या गाडीत विजेची मोटर आणि बॅटरी बसवण्याचे प्रयोग होत आहेत. बॅटरीचे वजन कोठे पडेल, पाटे किती दबतील, ब्रेकवर किती ऊर्जा येईल, हे प्रश्न तेच आहेत. वर्गात ही गणिते एकदा करून घ्या. उद्या आपला एखादा विद्यार्थी नवे इंजिन पाहून भुलला, तरी त्याने आधी ब्रेककडे पाहावे, एवढी आमची अपेक्षा आहे.