आवृत्ती क्रमांकाचा ताळमेळ : सॉफ्टवेअर निर्मितीतील एक दुर्लक्षित शिस्त

मोबाइलवरील कोणतेही अ‍ॅप उघडून त्याच्या माहितीच्या पानावर गेल्यास तेथे ३.२.१ अशा स्वरूपाचा एक क्रमांक आढळतो. पुस्तकाच्या आरंभी छापलेल्या आवृत्तीसारखाच हा क्रमांक. मात्र पुस्तकाची आवृत्ती काही वर्षांनी बदलते, तर सॉफ्टवेअरची आवृत्ती आठवड्यागणिक आणि काही ठिकाणी दिवसातून अनेकदा बदलते. ग्राहकाने तक्रार नोंदविली की मदत कक्षातील कर्मचारी प्रथम हाच क्रमांक विचारतो. तो चुकीचा असल्यास पुढचा सारा तपास भलत्याच दिशेने जातो. हा क्रमांक सर्व ठिकाणी एकसारखा राखण्याचे काम माणसाच्या स्मरणशक्तीवर न सोडता यंत्राकडे सोपविण्याची पद्धत सॉफ्टवेअर उद्योगात रूढ झाली, त्यामागचे कारण हेच होय.

क्रमांक एक, जागा अनेक

प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, प्रत्यक्ष वापरण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रियेला 'बिल्ड' असे म्हणतात. या प्रक्रियेत आवृत्ती क्रमांक एकाच जागी लागत नाही. अँड्रॉइडचेच उदाहरण घेऊ. तेथे प्रत्येक अ‍ॅपला दोन क्रमांक द्यावे लागतात. एक वापरकर्त्याला दिसणारा, तर दुसरा केवळ यंत्रासाठी असलेला पूर्णांक. हा पूर्णांक आधी वापरलेला असेल तर गुगलचे प्ले स्टोअर ते अ‍ॅप स्वीकारत नाही, आणि त्याची कमाल मर्यादा २१० कोटी आहे. आयफोनच्या अ‍ॅपलाही असेच दोन क्रमांक असतात. त्याच उत्पादनाचा सर्व्हरवर चालणारा भाग, तो बसवून देणारा इन्स्टॉलर, सोबतची मदतपुस्तिका आणि बदलांची नोंद या प्रत्येक ठिकाणी पुन्हा तोच क्रमांक लागतो.

हे सारे हाताने बदलायचे ठरविले तर एखादी जागा राहून जाणे अटळ असते. यातील अडचण अशी की ही चूक गप्प राहते. कोडमध्ये व्याकरणाची चूक झाली तर बिल्ड तेथेच थांबते. क्रमांक चुकला तर काहीच थांबत नाही. सॉफ्टवेअर तयार होते, चाचण्या उत्तीर्ण होते, ग्राहकापर्यंत पोहोचते आणि आपली खोटी ओळख सांगत राहते.

क्रमांकावर काय अवलंबून असते?

या क्रमांकाचे मोल २०१४ च्या एप्रिलमध्ये जगाला कळले. संकेतस्थळांवरील माहितीची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. १.०.१ पासून १.०.१-एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या, तर १.०.१-जी या आवृत्तीत तो दोष दूर करण्यात आला होता. जगभरातील सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आपले यंत्र सुरक्षित आहे की नाही, हे प्रथम या एका अक्षरावरून ठरवावे लागले. त्यातही एक गुंता होता. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी जुन्याच १.०.१-ई या आवृत्तीत दुरुस्ती घालून तिच्यापुढे स्वत:चा उपक्रमांक जोडला होता. केवळ मुख्य क्रमांक पाहणाऱ्याला दुरुस्त झालेले यंत्रही सदोष वाटू शकत होते. क्रमांक अपुरा वाचला तरी निष्कर्ष कसा चुकतो, याचा हा नमुना.

आवृत्त्यांचा मेळ न बसल्यास काय होते, याचे अधिक कठोर उदाहरण अमेरिकेतील 'नाइट कॅपिटल' या शेअर दलाली कंपनीचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी शेअर बाजार उघडण्यापूर्वी या कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढविण्याचे काम हाती घेतले होते. त्यापैकी सातच सर्व्हरवर तो चढला. आठव्यावर कित्येक वर्षे वापरात नसलेला जुना कोड तसाच राहिला, आणि नव्या कोडसाठी योजलेल्या खुणेने तो जागा झाला. अवघ्या ४५ मिनिटांत त्याने लक्षावधी अनपेक्षित व्यवहार केले. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार कंपनीचे नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक होते. शिवाय १ कोटी २० लाख डॉलरचा दंड झाला तो वेगळाच. येथे फाइलमधील क्रमांक लिहिताना चूक झाली होती असे नव्हे. मात्र आठही यंत्रांवर एकच आवृत्ती आहे काय, हे दुसऱ्या कोणी तपासलेच नाही आणि तसे तपासण्याचा लेखी नियमही नव्हता. प्रत्येक सर्व्हरकडून त्याचा आवृत्ती क्रमांक आपोआप विचारून घेणारी आणि आठ उत्तरे एकसारखी नसल्यास काम थांबविणारी व्यवस्था अशा वेळी उपयोगी पडते.

जुनी युक्ती

तयार झालेल्या सॉफ्टवेअरने स्वत:च आपली आवृत्ती सांगावी, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'एससीसीएस' ही संहितेतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली तयार केली. तिच्यात एक साधी सोय होती. प्रोग्रॅमरने कोडमध्ये ठरावीक खूण लिहून ठेवायची. फाइल बाहेर काढताना प्रणाली त्या खुणेच्या जागी खरा क्रमांक भरत असे. 'व्हॉट' ही आज्ञा दिली की तयार फाइलमधून तो क्रमांक वाचता येई. पुढे आरसीएस आणि सीव्हीएस या प्रणालींनीही हीच युक्ती उचलली. तिच्यात उणीव एवढीच होती की प्रत्येक फाइलचा क्रमांक स्वतंत्र असे. त्यावरून संपूर्ण उत्पादनाची आवृत्ती कळत नसे. २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या 'सबव्हर्जन'ने साऱ्या कोडसाठी मिळून एकच बदल क्रमांक देऊन ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली.

एक उगम, बाकी सारे प्रवाह

आजच्या पद्धतीचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : क्रमांक एकाच जागी लिहावा आणि उरलेल्या सर्व जागी तो बिल्डच्या वेळी यंत्राने भरावा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, हेच केले जाते. मुख्य 'मेकफाइल'च्या आरंभी आवृत्तीचे आकडे तीन-चार ओळींत लिहिलेले असतात. बिल्ड सुरू झाले की त्यांपासून एक छोटी फाइल आपोआप तयार होते आणि कर्नेलचे इतर भाग तिच्यातून क्रमांक उचलतात. चालू यंत्राला आवृत्ती विचारल्यास मिळणारे उत्तर याच उगमातून आलेले असते. बाहेरून जोडलेले मॉड्यूल वेगळ्या आवृत्तीसाठी तयार केलेले असेल, तर कर्नेल सर्वसाधारणपणे ते स्वीकारत नाही. चूक गप्प न राहता तेथेच बोलती होते.

दुसरी पद्धत याही पुढे जाते. तिच्यात क्रमांक कोणत्याच फाइलमध्ये लिहीत नाहीत. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गिट' या प्रणालीत एखाद्या टप्प्याला 'टॅग' म्हणजे नावाची चिठ्ठी लावता येते. 'गिट डिस्क्राइब' ही आज्ञा सर्वांत जवळची चिठ्ठी, त्यानंतर झालेल्या बदलांची संख्या आणि शेवटच्या बदलाची संक्षिप्त ओळख यांची सांगड घालून एक नाव देते. बिल्ड यंत्र तेच नाव सर्वत्र भरते. कोणी नोंद न केलेले बदल तसेच ठेवून बिल्ड केले असेल, तर तेही या नावात दाखविता येते. जावास्क्रिप्टच्या जगातील 'एनपीएम व्हर्जन' ही आज्ञा फाइलमधील क्रमांक बदलते, त्या बदलाची गिटमध्ये नोंद करते आणि चिठ्ठीही लावते. तीन कामे एकाच आज्ञेत झाल्याने त्यांपैकी एखादे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

सावधगिरी हवीच

यंत्राकडे काम सोपविले म्हणजे सर्व चिंता मिटल्या, असे मात्र समजू नये. लिनक्स कर्नेलमध्ये आवृत्तीच्या शेवटच्या आकड्यासाठी आठ बिटांची जागा होती. तिच्यात २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. २०२१ च्या फेब्रुवारीत ४.४ आणि ४.९ या जुन्या शाखा २५६ वर पोहोचल्या, तेव्हा ४.४.२५६ ही आवृत्ती हिशेबात ४.५.० अशी वाचली जाण्याचा धोका निर्माण झाला. अखेर यंत्रासाठीचा आकडा २५५ वरच थांबवून मार्ग काढण्यात आला. क्रमांक वाचणाऱ्यांच्या बाजूनेही अशा चुका होतात. २००९ मध्ये 'ऑपेरा' ब्राउजरची दहावी आवृत्ती आली, तेव्हा काही संकेतस्थळे क्रमांकातील पहिलाच अंक वाचत असल्याने दहाला एक समजत होती. ऑपेराला आपल्या ओळखीत ९.८० हा आकडा पुढे ठेवून खरा क्रमांक मागे न्यावा लागला.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये क्रमांकाच्या जागी तारांकन लिहिल्यास १ जानेवारी २००० पासून उलटलेले दिवस आणि मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांची निम्मी संख्या आपोआप भरली जाते. सोय उत्तम. परंतु त्यामुळे तोच कोड दोनदा बिल्ड केला तरी दोन भिन्न फाइली तयार होतात. एकाच कोडपासून प्रत्येक वेळी तंतोतंत तीच फाइल निघाली तरच मधल्या मध्ये कोणी भेसळ केली नाही, हे पडताळता येते. म्हणूनच क्रमांक घड्याळावरून न घेता कोडच्या नोंदीवरून घेणे अधिक श्रेयस्कर मानले जाते.

निर्णय माणसाचाच

क्रमांक सर्वत्र पोहोचविणे यंत्राला जमते. तो कोणता असावा, हे ठरविणे निराळे काम आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या 'सिमँटिक व्हर्जनिंग' या संकेतानुसार जुन्या वापरात अडथळा आणणारा बदल असल्यास पहिला आकडा वाढवावा, नवी सोय असल्यास दुसरा आणि केवळ दुरुस्ती असल्यास तिसरा. बदलाच्या नोंदीत ठरावीक शब्द लिहिल्यास हा निर्णयही यंत्र घेऊ शकते. तरीही ते शब्द प्रामाणिकपणे लिहिण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवरच राहते. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीची प्रत्येक नवी आवृत्ती पाय या संख्येच्या एकेक अंकाने पुढे नेली. २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३ वर पोहोचली. आता या प्रणालीत मोठे बदल होणार नाहीत, हे त्यांनी त्या क्रमांकातूनच सांगून ठेवले आहे.

एखादा संघ आजही क्रमांक हाताने बदलत असेल, तर त्याने प्रथम आपल्या उत्पादनात तो कोठे कोठे लिहिला आहे, याची यादी करावी. त्यांपैकी एक जागा उगम म्हणून निवडावी. बिल्डच्या अखेरीस तयार फाइलमधून क्रमांक वाचून तो उगमाशी ताडून पाहावा आणि फरक आढळल्यास बिल्ड नापास करावे. हे काम एकदाच करावे लागते, आणि पुढे कधी ग्राहकाचा दूरध्वनी आला तर त्याने वाचून दाखविलेल्या क्रमांकावर निश्चिंतपणे विसंबता येते.