मेल्या उंदराची भीती

पोती मोजायला मला दादांनी शिकवलं, लेंड्या मोजायला आजीनं. दुकानाच्या फळ्या काढल्या की पहिली नजर थप्पीच्या बुडाला टाकायची. लेंड्या किती, कुठल्या कोपऱ्यात, ओल्या का सुक्या. "चकाकती असली तर रातची. पांढुरकी पडली असंल तर ते जुनं, सोड," असं तिचं शास्त्र होतं. आणि एक गोष्ट ती दर चार दिवसांनी सांगायची, "जित्या उंदराला भिऊ नगं लेकरा. मेल्याला भी."

आमचं दुकान हातकणंगल्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या वाटेवर. जोंधळा, तूर, हरभरा, शेंगा, गुळाच्या ढेपा, मीठ, घासलेट. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे 1891 साली सुरू झाली आणि आमच्यासारख्या गावांना पोत्यांचा व्यापार लागला. त्याआधी माल बैलगाडीनं यायचा, तेव्हाही उंदीर होतेच. पण गाडीच्या डब्यातनं शंभर कोसांचा उंदीर फुकट प्रवास करू शकतो, हे रेल्वे आल्यावर कळलं.

प्लेगचंही तसंच झालं. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी पहिला रोगी ओळखला तो मांडवीत, म्हणजे बंदराजवळच्या गोदामांच्या वस्तीत. माणसं बसतात तिथं रोग आधी आला नाही, धान्य बसतं तिथं आला. पुढच्या वर्षी तो पुण्यात होता. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. जूनमध्ये रँडचा खून झाला. हे सगळं पुस्तकात आहे. आमच्या घरात जे आहे ते पुस्तकात नाही.

आजीचं माहेर इथून तीन कोसांवर, वारणेकडच्या अंगाला. ती सहा-सात वर्षांची असताना तिच्या गावात "पिलेग" आला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी लोकांनी गाव मोकळं करून बाहेर राहावं असा आग्रह धरला होता, आणि ठिकठिकाणी माळावर खोपटी उभी राहिली होती. आजीच्या घरचेही माळावर गेले. उसाच्या पाल्याचं छप्पर, तीन दगडांची चूल, थंडीचे दिवस. आजीला त्यातली गंमत जास्त आठवायची. सगळी भावकी एकाच ठिकाणी, पोरांना दिवसभर हुंदडायला मोकळं रान.

दहाव्या-बाराव्या दिवशी जोंधळा संपला. घरात कणगी भरलेली होती. तिचा थोरला भाऊ, पंधरा-सोळा वर्षांचा, दिवसाढवळ्या जाऊन दोन पायली घेऊन आला. घर रिकामं होतं, कुणी आजारी नव्हतं, मग भ्यायचं कशाला? येऊन तो हसत म्हणाला, "कणगीच्या बुडाला चार उंदीर मरून पडल्यात, शेपटाला धरून भाईर टाकलं." चौथ्या दिवशी त्याच्या जांघेत गाठ आली. सातव्या दिवशी तो गेला. आजी हे सांगायची तेव्हा रडायची नाही. फक्त "शेपटाला धरून" म्हणताना तिची दोन बोटं आपोआप चिमटीत यायची.

त्यात काय घडलं हे जगाला नुकतंच कळायला लागलं होतं. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं, की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. त्याचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. सरकारी माणसं भिंतींना चुना मारत होती, जमिनीवर जंतुनाशक ओतत होती, कौलं उतरवून ऊन आत घेत होती. उंदीर या गडबडीत शेजारच्या घरात जात होता. म्हणजे रोग धुऊन काढायचा म्हणून माणसं त्याला पुढच्या दाराला पोचवत होती. उंदीर पडला की घर सोडायचं, एवढं मात्र खेड्यातल्या बायकांना सिमाँच्या आधी ठाऊक होतं. पिसवांचं ठाऊक नव्हतं. माझ्या आजीचा भाऊ त्या अर्ध्या माहितीत मेला.

म्हणून आजी सासरी दुकानदाराच्या घरात आली आणि तिनं सगळी थप्पी हलवायला लावली. पोती थेट भुईवर ठेवायची नाहीत, खाली दगड आणि फळ्या. भिंतीपासून हातभर अंतर, एक माणूस आडवा होऊन झाडू मारू शकेल एवढं. सासरा म्हणाला, जागा जाते. ती म्हणाली, जाऊ दे. नव्या सुनेनं सासऱ्याला असं म्हणायचं ते दिवस नव्हते. पण घरातल्या सगळ्यांनाच पिलेग आठवत होता.

तिच्या वर्षाचा हिशेब किड्यांच्या हिशेबानं चालायचा. चैत्र-वैशाखात सगळं धान्य उन्हात. तूरडाळीला एरंडेलाचा हात, म्हणजे भुंग्याला डाळीवर अंडी चिकटवता येत नाहीत. जोंधळ्यात चाळलेली गोवरीची राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला. कणगीला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप, फट म्हणून ठेवायची नाही. पावसाळ्याच्या तोंडाला घुशींच्या बिळात खापराचे तुकडे आणि काचा ठोकून वर चिखल. खाटा उन्हात टाकून सांध्यांत कढत पाणी, ढेकणांसाठी. ही सगळी कामं बायकांची होती आणि ती काम म्हणून कुणी मोजत नव्हतं.

शेजारी जैन बस्तीजवळ एक अक्का राहायच्या. हातकणंगले तालुक्यात जैन शेतकरी पुष्कळ, त्यांचं आमचं येणं-जाणं रोजचं. अक्का जीव मारायच्या नाहीत. त्यांच्या घरात किडा नसायचा तो याच कारणानं. मारायचं नाही म्हटल्यावर तो होऊच द्यायचा नाही, एवढीच वाट राहते. पाणी गाळलेलं, पीठ थोडं थोडं दळलेलं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकून चूल-भांडी लखलखीत. रात्री झुरळाला त्या घरात काय मिळणार? आजी म्हणायची, "अक्काच्या घरात मुंगीबी उपाशी." दोघींची या बाबतीत चढाओढ असायची.

इथं हरिपूरच्या पेवांचं सांगायला हवं. सांगलीजवळ हरिपुरात हळद ठेवायची पेवं होती, जमिनीच्या पोटात खोल खणलेली, तोंड लहान. माल भरला की तोंड बंद. आतली हवा मालच खाऊन टाकतो, प्राणवायू संपतो आणि किडा गुदमरतो. औषध नाही, पावडर नाही. पण तीच हवा माणसालाही मारते. पेव उघडलं की ते बराच वेळ तसंच सोडायचं आणि आत कंदील उतरवून बघायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. कृष्णेच्या 2005 आणि 2019 च्या महापुरांनी त्या पेवांची धूळधाण केली.

फवारणीवाले आले ते मी अगदी लहान असताना. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम 1953 ला सुरू झाला. खांद्याला पिशवी, हातात पंप, बादलीत दुधासारखं पांढरं डीडीटी. घरातली भांडीकुंडी अंगणात काढायची आणि ते भिंती फवारून जायचे, दारावर तारखेचा शिक्का मारायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागं मागं. त्या पांढऱ्या पाण्यानं खरंच मोठं काम केलं, हे नाकारणाऱ्यांतला मी नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा असा अंदाज होता, आठ लाख मरायचे. 1961 पर्यंत रोगी पन्नास हजारांच्या आसपास आले. पुढं डास त्या औषधाला पचवायला शिकले, इतरही ढिलाई झाली, आणि 1976 साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला.

आमच्याकडं हे लहान प्रमाणावर घडताना दिसलं. पहिल्या फवारणीनंतर ढेकणं पटापटा पडली. आई म्हणाली, देव पावला. दोन-तीन वर्षांनी ढेकणं परत आली आणि आता फवारणीनं त्यांना काहीच होईना. आजीनं तर पहिल्याच वर्षी फवारणीवाले वेशीबाहेर गेले न गेले तोच भिंत शेणानं सारवली होती. पांढरे डाग तिला बघवेनात. सरकारचं औषध शेणाखाली गेलं. असं घरोघर झालं असणार.

पण डीडीटीनं एक गोष्ट केली. पावडर मारली की मरतं, हे सगळ्यांच्या मनात बसलं. दादा तर नव्या विचाराचे. साठनंतर दुकानात गॅमेक्सिन आलं, उंदरासाठी झिंक फॉस्फाईड आलं, पुढं उसाच्या हुमणीला थिमेट आलं. झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी कणकेत कालवून ठेवायचे, पण उंदीर शहाणा. एक आजारी पडला की बाकीचे शिवत नाहीत. मग दादांनी आधी दोन-तीन रात्री नुसती तेलातली कणीक ठेवायची, सवय लागली की चौथ्या रात्री औषध, ही युक्ती शिकून घेतली. सकाळी मेलेले उंदीर दिसले की आजी तोंडाला पदर लावायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. चिमट्यानं उचलून घासलेट ओतून जाळायचे.

औषधांची फळी गुळाच्या ढेपांच्या बरोबर वर होती. 1958 मध्ये केरळात शंभरावर माणसं मेली होती, कारण एकाच जहाजातून गव्हाचं पीठ आणि फॉलिडॉल आलं आणि विष पिठात मुरलं. त्या प्रकरणानंतरच्या चौकशीतून 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. कायदा झाला तरी आमची फळी होती तिथंच होती. गावात कुणाचीच वेगळी नव्हती.

1972 चा दुष्काळ. कोल्हापूरकडं पाणी होतं, त्यामुळं जत-आटपाडीकडची माणसं आमच्या भागात कामाला यायची. रेशनवर मिलो, तांबडी परदेशी ज्वारी, तीही वेळेवर नाही. दुकानात बियाण्यासाठी राखलेला जोंधळा होता. किडू नये म्हणून दादांनी त्याला गॅमेक्सिन चोळलं होतं. एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. पैसे थोडे होते. दादांना कणव आली. त्यांनी निम्म्या भावात दोन पायली दिला आणि सांगितलं, "औषध लावल्यालं हाय. चांगला तीनदा धुऊन घ्या."

मी तिथंच बसलो होतो, एकवीस वर्षांचा, मॅट्रिक नापास, हिशेब लिहीत. मलाही ते बरोबर वाटलं. गॅमेक्सिन पाण्यात विरघळत नाही, तेला-चरबीत विरघळतं, धुतल्यानं ते सगळं जात नाही, हे पाकिटावर मराठीत कुठं लिहिलेलं नव्हतं. असतं तरी वाचलं असतं का, सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी त्या पोरीला झटके आले. दादांनी कुणाचा तरी टेम्पो काढला, तिला मिरजेला नेलं, तीन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिले. पोरगी वाचली. आठवड्यानं ते कुटुंब दुसऱ्या मुकादमाबरोबर निघून गेलं. तिला पुढं झटके येत राहिले का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढं काही वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत अशीच पावडर लावलेला गहू खाऊन माणसांना फेफऱ्यासारखे झटके आल्याचं वाचनात आलं. मी तो कागद दादांना दाखवला नाही.

मिरजेहून परतल्यावर दादांनी औषधाची फळी उतरवली आणि तिची लाकडं बंबात घातली. आजी ऐंशीच्या घरात होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला राख चाळायला बसवलं.

ती 1974 ला गेली. वीस वर्षांनी, 1994 च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि माणसांना गाठी आल्या. त्याआधी 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीनं माणसं घराबाहेर राहायला गेली, धान्य आत राहिलं, उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं. मी ती बातमी दुकानात उभ्यानं वाचली. मोकळी घरं, भरलेल्या कणग्या, बुडाला मेलेले उंदीर. मला त्या बातमीत आजीचा भाऊ दिसला.

गॅमेक्सिनवर 1997 ला बंदी आली, थिमेटवर आता आता. गोदामात घालायच्या त्या गोळ्या परवानावाल्या माणसानंच वापरायच्या असा नियम आहे. धाकटा आता दुकान बघतो. वर्षातून दोनदा कीडनियंत्रणवाल्याला बोलावतो, तो झुरळाच्या जागी सुईनं टिपके ठेवून जातो, वास नाही का काही नाही. मला त्याचं कौतुक आहे. थप्पी मात्र भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, यावर आमचं अजून भांडण होतं. पोरगा म्हणतो, जागा जाते.

मागच्या दिवाळीत दुकानाची जुनी चौकट बदलली. रंगाचे सहा-सात थर खरवडल्यावर खाली काळा शिक्का निघाला. तारीख पुसली होती, फक्त डी. डी. टी. एवढी अक्षरं वाचता आली. सुतारानं विचारलं, हे ठेवायचं का? मी म्हटलं, लाकूड किडलंय का आधी बघ. किडलं होतं. वाळवी बुडापासून वर चढली होती.