पश्चिमेस खाडी : चतुःसीमेचा एक लहानसा इतिहास

आमच्यापैकी काही जण उपजीविकेसाठी मराठी शिकवतात. त्यामुळे जुने हस्ताक्षर लावून देण्याची विनंती अधूनमधून आमच्याकडे येते. बहुधा ती आजोबांच्या पत्रांसाठी असते, क्वचित एखाद्या पोथीसाठी. काही काळापूर्वी मात्र निवृत्तीला आलेले एक शिक्षक-स्नेही मोडीतले खरेदीखत घेऊन आले. नवी मुंबईत बेलापूरच्या बाजूला एका जुन्या गावठाणातले बैठे घर त्यांना घ्यावयाचे होते. भविष्यनिर्वाह निधीची जवळजवळ सारी पुंजी त्यात जाणार होती. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले आणि वारसांची संमतीपत्रे असे बाकीचे कागद त्यांनी स्वतःच वाचले होते. हे एक खत तेवढे वाचता येत नव्हते.

मजकूर ठरीव साच्याचा होता. घेणाराचे नाव, देणाराचे नाव, रक्कम भरून पावल्याची कबुली, आणि मग चतुःसीमा : पूर्वेस सरकारी वाट, दक्षिणेस देणाराच्या चुलतभावाचे घर, उत्तरेस पाणंद, पश्चिमेस खाडी. शेवटच्या दोन शब्दांपाशी आम्ही अडलो. घराच्या पश्चिमेस आज एक भिंत आहे, भिंतीपलीकडे डांबरी रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे क्रमांक दिलेल्या एका सेक्टरातील उंच इमारती आहेत. खाडी दिसतही नाही. मग या घराची चौथी बाजू कोठे संपते?

प्रश्न व्यवहाराचा खरा, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे असे आम्हांस वाटते. म्हणून तो येथे मांडीत आहोत.

हद्द सांगण्याच्या दोन रीती मराठीत फार काळ शेजारी-शेजारी नांदल्या. पहिली रीत चतुःसीमेची. तिच्यात जमिनीला आकडा नसतो, शेजारी असतात. अमक्याचे शेत, तमका ओढा, वडाचे झाड, देवळाची वाट यांच्या मधले जे उरले ते माझे. ही रीत शेवटी साक्षीवर उभी असते. मराठेशाहीतील महजर आणि निवाडपत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊकच आहे, की शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभेपुढे वतनदारांच्या आणि बलुतेदारांच्या जबान्या होत. गावची शीव नेमकी कोठून जाते हे सांगण्यात महाराची साक्ष विशेष मानली जाई. ज्याला गावात राहण्यास जागा नव्हती त्यालाच गावाची हद्द पाठ असावी, आणि तंट्याच्या वेळी साऱ्या गावाने त्याच्या पावलांमागून चालावे, ही गोष्ट आमच्या सामाजिक इतिहासात पुरेशा गांभीर्याने वाचली गेलेली नाही.

दुसरी रीत मापाची. शिवकाळातील जमीनमोजणीचे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे : पाच हात पाच मुठींची काठी, अशा वीस काठ्यांच्या चौरसाचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. म्हणजे माप इंग्रजांनी आणले असे नव्हे. त्यांनी आणली ती मापाची सर्वव्यापी वही. पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांची पहिली पाहणी फसल्यावर, १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम आरंभिले. १८४७च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीचे नियम बांधून दिले. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर : आजही आपण जमिनीचा विचार याच साखळीने करतो. टिपण, फाळणी, गुणाकार बुक, आकारबंद ही त्या दप्तरातील कागदांची नावे भाषेच्या अभ्यासकांनी एकदा मोठ्याने उच्चारून पाहावीत. एका अख्ख्या गद्यप्रकाराची ती अनुक्रमणिका आहे.

मात्र ही मोजणी आकारासाठी, म्हणजे सारा बसविण्यासाठी झाली, मालकी सांगण्यासाठी नव्हे, हे विसरून चालणार नाही. जमीन किती आणि कशी हे सरकारला हवे होते. कोणाची हा प्रश्न ‘सारा कोण भरतो’ एवढ्यापुरता होता. हक्कनोंदणीचा कायदा आला तो १९०३ साली. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोडकागद आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी एवढेच १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम म्हणतो. ती मालकीची सनद नव्हे. घर घेणारा आज या दप्तराला जो प्रश्न विचारतो, त्यासाठी ते दप्तर जन्मलेच नव्हते.

याचा एक परिणाम गावठाणांवर झाला. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, शेतसाऱ्याच्या उपयोगाची नव्हती. तेव्हा मोजणीदाराने तिच्याभोवती एक रेघ ओढली आणि तो काळीकडे वळला. रेघेच्या आतली घरे, अंगणे, बोळ हे सारे साक्षीवर आणि वहिवाटीवर राहिले. म्हणूनच नगर भूमापन न झालेल्या गावठाणातील घराला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका नसते. असतो तो ग्रामपंचायतीच्या आकारणीचा उतारा. कर कोणाकडून घ्यावा हे तो सांगतो. घर कोणाचे आणि केवढे हे सांगत नाही.

खाडीकाठी आणखी एक अडचण होती. येथील जमीन कित्येक ठिकाणी समुद्राकडून उसनी घेतलेली होती. खाजणात मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची, ओहोटीला आतले पाणी सोडायचे, भरतीला दार मिटू द्यायचे, आणि दोन-चार पावसाळे मीठ धुऊन निघाले की भात पेरायचा. ज्यांनी पदरच्या खर्चाने असे बांध घातले त्यांना सवलतीच्या दराने जमीन मिळे; ठाणे-कुलाब्याच्या जुन्या महसुली कागदांत अशा जमिनींना शिलोत्री म्हटले आहे. आगरी हे जातिनामही मिठाच्या आगराशी जोडले जाते. अशा प्रदेशात ‘पश्चिमेस खाडी’ हा शब्दप्रयोग मुळीच ढिसाळ नव्हता. लिहिणारालाही ठाऊक होते, की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वर चढते आणि भांगाच्या दिवसांत ते खालीच राहते. त्या पट्ट्यात जाळी वाळत, होड्यांची डागडुजी होई, सुकट पसरली जाई. तो कोणाचाच नव्हता आणि त्याच कारणाने सर्वांचा होता.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि या साऱ्या भूप्रदेशावर तिसरी भाषा आली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली होती. आता ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी संपादनाखाली आल्या. गावठाणे वगळली गेली. येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. एकोणिसाव्या शतकातील मोजणीदाराने सारा कोठे लागत नाही हे दाखविण्यासाठी जी रेघ ओढली होती, तीच आता शहर कोठे सुरू होते ते सांगणारी रेघ झाली. रेघेबाहेरची काळी आणि खार शहराची झाली. रेघेच्या आत वाढत्या कुटुंबांना वाढण्यास जागाच उरली नाही. नवी मुंबईतील ज्या बांधकामांना ‘गरजेपोटी’ हे विशेषण लागले, त्यांचे मूळ येथे आहे.

संपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. त्यांपैकी अनेक भूखंड पुढे बांधकाम व्यावसायिकांकडे गेले आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. सेक्टरातील सदनिका घेणाराने ‘आमचा गावठाणाशी काय संबंध’ असे म्हणू नये. त्याच्या भूखंडाच्या कागदपत्रांत, चार-पाच हस्तांतरणांच्या तळाशी, एखादा सर्व्हे नंबर आणि एका आगरी कुटुंबाची वारसनोंद बसलेली असू शकते. शिवाय सिडकोची जमीन बहुधा साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. भूखंडाचा मूळ करार, सोसायटीच्या नावे झालेला पट्टा आणि हस्तांतरणाची परवानगी यांची साखळी तुटलेली नाही ना, हे पाहणे म्हणजेही एक मोजणीच होय.

आणि खाडी? बरेचसे शहर भरतीच्या पातळीहून सखल जमिनीवर भराव टाकून उभे राहिले. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी साठवून ओहोटीला सोडण्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले गेले. उघाडीचेच ते थोरले भावंड. पुढे १९ फेब्रुवारी १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषा हा कायद्याचा शब्द केला. २०११ आणि २०१९च्या अधिसूचनांनी तिचे नियम बदलले. २०१९च्या नियमानुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनांना आणि त्यांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. म्हणजे फिरून फिरून आपण चतुःसीमेपाशीच आलो : तुमच्या जमिनीचे स्वरूप तिच्या शेजाऱ्यावरून ठरते, आणि पश्चिमेस खाडी असेल तर तो शेजारी दिवसातून दोनदा जागा बदलतो.

ज्याला आपण सहज ‘मोजणी करून घेणे’ म्हणतो ती या पार्श्वभूमीवर वाचनाची एक शिस्त आहे. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जाव्यात, भूकरमापकाने जागेवर येऊन मोजावे आणि नकाशाची ‘क’ प्रत हाती यावी. तिला जोडून दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोनवरून तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि इमारत जुनी असेल तर संरचनेची तपासणी अभियंत्याकडून. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणारास सामान्य दक्षतेने कळू न शकणारा आणि आपणास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विकणाराने सांगितला पाहिजे. याची दुसरी बाजू अशी, की सामान्य दक्षतेने जे कळले असते त्याची जबाबदारी घेणाराकडेच येते. २०१५ मध्ये दिघा येथील एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवरील ९९ अनधिकृत इमारतींवर न्यायालयीन आदेशाने कारवाई सुरू झाली, तेव्हा रस्त्यावर आलेल्या पुष्कळ कुटुंबांनी रीतसर पैसे मोजूनच घरे घेतली होती. जमीन मात्र कोणी मोजली नव्हती.

आमच्या स्नेह्यांचे गावठाण सुदैवाने नगर भूमापन झालेले होते. त्यांनी विकणाऱ्या आजींच्या संमतीने मोजणी मागविली. नकाशावर दोन रेघा आल्या : एक अभिलेखाप्रमाणे, दुसरी वहिवाटीप्रमाणे. पूर्व, दक्षिण आणि उत्तर या तीन बाजूंना त्या एकमेकींवर बसल्या. पश्चिमेस त्यांच्यात अंतर पडले, आणि त्या अंतरात घराची मागची खोली आणि मोरी होती. कागदाच्या हिशेबी ती खोली खाडीत उभी होती.

आजींना हे समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की लग्न होऊन आल्या तेव्हा तेथे जाळी वाळत घालीत. पुढे पाणी मागे गेले, धाकटा दीर वेगळा झाला, म्हणून खोली काढली. खाडी सरकली तशी आमची भिंत सरकली, यात चोरी ती कोणती? आमच्यापाशी याला उत्तर नव्हते. चोरी नव्हतीच. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये निरक्षर कुणबी आणि लेखणीवाले यांच्यामधली जी दरी दाखविली, तिच्या कोणत्या काठावर आपण उभे आहोत हे मोडी वाचून दाखविणाऱ्या आम्हांस त्या दुपारी लख्ख कळले.

व्यवहार मोडला नाही. मागच्या खोलीचे क्षेत्र खतातून वगळले गेले, किंमत त्या मानाने उतरली, आणि खोलीचा ताबा जसा आहे तसा आजींच्या कुटुंबाकडे राहिला. स्नेह्यांना घर लहान मिळाले, पण जे मिळाले ते मोजलेले होते. आजींना पैसे कमी मिळाले. मोजणी नसती तर अधिक मिळाले असते, हे लपविण्यात अर्थ नाही. घेणाराची दक्षता अनेकदा विकणाराच्या पदरचे काही घेऊन जाते. एवढेच की ते उघड्यावर, दोघांच्या डोळ्यांदेखत, एका कागदावर गेले.

नव्या खताचा मसुदा पाहण्यासाठी पुन्हा आमच्याकडेच आला. चतुःसीमेत वकिलांनी तीन बाजू नीट लिहिल्या होत्या आणि चौथी मोकळी सोडली होती. आम्ही तेथे ‘पश्चिमेस मोजणी नकाशात दाखविलेली अभिलेखाची हद्द, व तिच्यापलीकडे देणार यांच्या वहिवाटीतील खोली’ असे सुचविले. वाक्य लांबले खरे. पण जुन्या दोन शब्दांत जे मावत होते ते सांगण्यासाठी आता एवढे शब्द लागतात.