झटका, जनुक आणि मेंदूची एक बाजू

कौंडण्यपूरला महाराष्ट्र ओळखतो तो रुक्मिणीचे माहेर म्हणून. वर्धेच्या काठावरच्या या शिवारात फिरताना मात्र आता आधी नजरेत भरते ते तारेचे कुंपण. रानडुकरे आणि रोही पीक राहू देत नाहीत, म्हणून धुऱ्याधुऱ्यावर झटका मशीन आले आहे. यंत्र टक् टक् करत सेकंद-सव्वा सेकंदाला तारेत एक ठोका सोडते. व्होल्टेज काही हजारांत, पण ठोक्याचा अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. घरातली लाइन थेट तारेत सोडणारे महाभागही आहेत, आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही गेली आहेत. वीज किती, एवढेच पाहून भागत नाही. ती किती वेळ, हेही पाहावे लागते.

अशाच एका धुऱ्यावर बसून मी एका शेतकरी मित्राला सांगत होतो, की विजेच्या अशा ठोक्याने जिवंत पेशीत बाहेरचे जनुक घालता येते. त्याने लगेच विचारले, “मंग आपल्या पऱ्हाटीतला जीन बी असाच झटका देऊन घातला काय जी?”

प्रश्न सरळ होता. वऱ्हाडात जनुक हा शब्द 2002 साली बीटी कपाशीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटातून आला. त्यामुळे जनुक म्हणजे बियाणे, बियाणे म्हणजे कंपनी आणि कंपनी म्हणजे भाव, अशी साखळी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पण पेशीत जनुक घालण्याचा इतिहास त्या पाकिटाहून बराच मोठा आहे, आणि त्यातले एक चांगले पान मुंबईत लिहिले गेले.

पेशीभोवतीचे पटल साधारण 5 नॅनोमीटर जाडीचे, स्निग्ध पदार्थाचे. डीएनए त्यातून आपणहून आत जात नाही. पटलाच्या दोन बाजूंमध्ये विजेचा दाब नेहमीच असतो, पण तो मिलिव्होल्टच्या हिशेबात. बाहेरून ठोका देऊन हा दाब एका व्होल्टच्या आसपास नेला, की पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात. ठोका थांबला की पटल पुन्हा सांधले जाते. अवधी लांबला तर ते सांधत नाही आणि पेशी मरते. हिशेब कुंपणाचाच आहे.

1982 साली म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड येथे एबरहार्ड नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुकाच्या बाबतीत सिद्ध केले. एक विशिष्ट जनुक नसलेल्या उंदराच्या पेशी त्यांनी घेतल्या. ते जनुक द्रवात सोडले आणि सेंटीमीटरला 8 हजार व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र, पण जेमतेम 5 मायक्रोसेकंदांचे, असे तीन ठोके दिले. ज्या पेशींनी जनुक आत घेतले त्याच पुढे वाढल्या. या पद्धतीला त्यांनी इलेक्ट्रोपोरेशन म्हटले.

वनस्पतींवर प्रयोग लगेच सुरू झाले. 1985 साली अमेरिकेत मायकेल फ्रॉम आणि व्हर्जिनिया वॉल्बट यांच्या गटाने गाजर, तंबाखू आणि मका यांच्या पेशींत या मार्गाने जनुके घातली. पण वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर एक भक्कम भिंतही असते. ती आधी विकरांनी विरघळवावी लागते, आणि मग त्या उघड्या पेशीपासून पुन्हा अख्खे झाड वाढवावे लागते. भातात 1989 साली जपानच्या को शिमामोटो यांच्या गटाने हे जमवले, बी धरणारी रोपे मिळवली. आपल्या बीटी कपाशीची वाट वेगळी होती. झाडांच्या बुंध्याला गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू स्वतःच वनस्पतीत जनुके सोडतो. त्याच्याच अंगावर हे ओझे टाकून ते ‘कोकर’ या अमेरिकी वाणात पोचवले गेले. म्हणजे माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पऱ्हाटीत झटका गेला नाही, जिवाणू गेला.

विजेची खरी करामत दिसली ती प्राण्यांच्या गर्भात. तिथे पेशीला भिंत नाही. कोंबडीच्या गर्भावर 1990च्या दशकात हात बसला. 2001 साली जपानमधल्या दोन गटांनी आणि शिकागोत एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पोटातल्या गर्भावर ती वापरली. शिकागोच्या प्रयोगात एफजीएफ-8 या प्रथिनाचे जनुक मेंदूत भलत्या जागी घातले, तर मिशांच्या संवेदनेचा मेंदूतला नकाशाच काही अंशी दुसऱ्यांदा उमटला!

याच ग्रोव्ह यांच्याकडे शुभा टोळे यांनी पीएच.डी.नंतरचे संशोधन केले होते. 1999 साली त्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. त्यांचा विषय एलएचएक्स-2 हे जनुक. ते सुरुवातीपासूनच नसेल तर स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग बनतच नाही. मग प्रश्न असा, की तो बनत असताना, पुढच्या टप्प्यावर, हे जनुक काय काम करते? जे बनलेच नाही त्यात पुढचे काम कसे पाहणार? जन्मतः जनुक नसलेला उंदीर इथे निरुपयोगी. हवी होती ती ठरावीक दिवशी, ठरावीक जागी ढवळाढवळ.

विजेने नेमके तेच देऊ केले. गर्भार उंदरीला भूल देऊन पोट उघडतात. गर्भाशयाच्या भिंतीतून काचेच्या बारीक नळीने गर्भाच्या मेंदूतल्या पोकळीत रंग मिसळलेला डीएनए सोडतात. मग चिमट्यासारखी दोन टोके गर्भाच्या डोक्याच्या दोन बाजूंना धरून तीस-चाळीस व्होल्टचे पाचएक ठोके, दर सेकंदाला एक. प्रत्येक ठोका साधारण 50 मिलिसेकंदांचा. नॉयमान यांच्या ठोक्यापेक्षा दाब कितीतरी कमी, अवधी हजारो पट जास्त. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे ओढले जाते. धन टोक ज्या बाजूला, त्या बाजूच्या भिंतीत जनुक शिरते. दुसरी बाजू कोरी राहते. त्याच गर्भाचा, त्याच रक्तावर वाढलेला उरलेला अर्धा मेंदू तुलनेला हजर. शेतात आपण एका तासात खत घालून शेजारचा तास तसाच ठेवतो, तशातली गत. मला या पद्धतीत सर्वांत मोलाचे हेच वाटते.

2011 साली टोळे यांच्या गटाने निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पस घडत असताना पूर्वज पेशींतले एलएचएक्स-2 काढले, तर त्या चेतापेशी बनवायचे सोडून वेळेआधीच अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी बनवू लागतात. उलट, ते जादा घातले तर चेतापेशी बनण्याचा काळ लांबतो. आधी चेतापेशी, मग आधारपेशी, हा मेंदूच्या बांधणीचा क्रम. तो केव्हा बदलायचा यावर हे जनुक पहारा ठेवते. यातून कोणते पाकीट निघाले नाही, औषधही नाही. ‘मग उपयोग काय?’ असे विचारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण आईच्या पोटात मेंदू कोणत्या क्रमाने बांधला जातो हे कळल्याशिवाय तो कुठे चुकला हे कोण सांगणार?

औषधाच्या वाटेवरही वीज आहेच. स्नायूत सुई देऊन वर ठोके देण्याची उपकरणे डीएनए लशींच्या चाचण्यांत वापरली गेली. भारतात 20 ऑगस्ट 2021 रोजी आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर झालेली ‘झायकोव्ह-डी’ ही डीएनए लसच, पण तिने विजेऐवजी द्रवाच्या बारीक, वेगवान फवाऱ्याचा मार्ग घेतला. सुई नाही, ठोकाही नाही.

हे सगळे पुढच्या खेपेस मी मित्राला सांगितले. त्याने विचारले, “त्या उंदरीचं काय होते मंग?” तिचे पोट शिवतात, ती शुद्धीवर येते, पिल्ले पोटात वाढत राहतात. ठरलेल्या दिवशी पिल्लांचे मेंदू काढून पातळ काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हेही सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग तारेला टेकलेले गवत कापायला उठला. गवत टेकले की झटका उतरतो.